चार ठेक्यांचं माझं नाव

मी एक जुना दगड आहे. मित्रांनो, जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे आजोबांची सायकल किंवा कान तुटलेला कप येईल. तसा जुना नव्हे. माझं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास असावं, असं सर सांगायचे. मला मोजता येत नाही, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. सध्या माझा मुक्काम मिरजेच्या एका दवाखान्यात, खिडकीच्या कट्ट्यावर आहे.

माझं नाव अपॉफिलाइट. सावकाश वाचा, घाई केलीत तर जीभ अडखळेल. ॲपोफायलाइट नाही आणि अपोफुलाइटही नाही. सुरुवातीचा 'अ' अगदी हलका, आला आणि गेला. सगळा जोर 'पॉ'वर. मग छोटासा 'फि', आणि शेवटी दिव्याला म्हणतात तसं 'लाइट'. जमलं का? नसेल जमलं तरी मी रागावणार नाही. पूर्वी फार रागवायचो. चुकीच्या नावाला मी कधी ओ देत नसे. ती सवय मला का सोडावी लागली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका पोकळीत झाला. तापलेला लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकून राहिले, त्यातला एक बुडबुडा माझं घर झाला. खडकातून पाणी झिरपायचं. एक थेंब पडला की दुसरा पडेपर्यंत मला झोप लागायची. त्या झोपेतच मी वाढलो. कधी एक कोपरा फुटला, कधी एखादी बाजू गुळगुळीत झाली, माझं मलाच कळलं नाही. तिथं उजेड नव्हता, त्यामुळे आपण पांढरे आहोत आणि आपल्या अंगात थोडी हिरवी झाक आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. शेजारी एक स्टिल्बाइट होता. आम्ही इतकी वर्षं अंगाला अंग लावून बसलो, पण एकमेकांना कधी हाक मारली नाही. हाक मारायला नाव लागतं, आणि आम्हा दोघांनाही ते नव्हतं.

मग एक दिवस सगळं हादरलं. जत तालुक्यात दादासो नावाच्या शेतकऱ्याच्या रानात विहीर खोदत होते. साठ फूट गेले तरी पाणी लागलं नव्हतं, म्हणून त्यांनी आणखी एक सुरुंग लावला. पोकळी फुटली. विहिरीवरच्या यारीला टांगलेल्या लोखंडी बादलीत बसून, दोर करकरत असताना मी वर आलो. पहिल्यांदा ऊन लागलं. त्या उन्हाचं मला अजून स्वप्न पडतं. ते माझ्या एका बाजूनं आत शिरलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलं, आणि वाटेत कुठंतरी मी होतो.

"काच हाय," एक मजूर म्हणाला.

"काच कशी आसंल, देवाचं कायतरी आसंल," दुसरा म्हणाला.

दादासोंनी मला धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि थेट गावातल्या हायस्कुलात नेलं. "सर, पानी काय लागलं न्हाई, ह्यो लागला. ह्येला काय म्हनायचं?"

ते सर म्हणजे जोतिबा बंडगर. विज्ञान शिकवायचे. त्यांनी मला नळाखाली धुतलं, खिडकीतल्या उजेडात धरलं, कितीतरी वेळ फिरवून पाहिलं. मग अगदी हळू, देवळात बोलतात तसं, ते म्हणाले, "अपॉफिलाइट."

मित्रांनो, तुम्हाला बारशाच्या दिवशीच नाव मिळालं, त्यामुळे यातली मजा तुम्हाला कळायची नाही. मी कोट्यवधी वर्षं नुसता होतो. त्या दुपारी मी कुणीतरी झालो. त्याच क्षणी मी या माणसाचा झालो, हे मी मोकळेपणानं कबूल करतो.

दादासोंनी मला सरांनाच देऊन टाकलं. स्टिल्बाइटही मागोमाग आला. वर्गाच्या मागच्या भिंतीला लाकडी फळी होती, तिच्यावर आम्ही आठ जण बसायचो. सर एकेकाला हातात घ्यायचे, फळ्यावर इंग्रजीत नाव लिहायचे आणि मुलांकडून म्हणवून घ्यायचे. त्यात सगळ्यांत जास्त छळ व्हायचा तो कॅल्सेडनीचा. तिच्या स्पेलिंगात सी आणि एच शेजारी शेजारी बसलेले दिसतात, म्हणून मुलं हमखास 'चाल्सेडनी' म्हणायची. सर हात वर करायचे. "इथं च नाही, क. कॅल्सेडनी. पुन्हा." ह्यूलँडाइटला मुलं 'हेउलंडाइट' करायची, स्कोलेसाइटच्या आधी एक 'इ' लावून त्याला 'इस्कोलेसाइट' करायची. सर पुन्हा हात वर करायचे. नाव बरोबर आल्याशिवाय मूल खाली बसत नसे.

सरांना याचं एवढं का वाटायचं, ते मला नंतर कळलं. त्यांच्या घरची मेंढरं होती. लहानपणी ते वडिलांबरोबर मेंढरांमागं मुलूख हिंडले. घराण्यात कॉलेजात गेलेले तेच पहिले. सांगलीला पहिल्याच वर्षी प्राध्यापकांनी त्यांना उभं करून वाचायला लावलं, ते 'चाल्सेडनी' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. ते हसू त्यांच्या कानातून कधी गेलं नाही. आपल्या मुलांना कुणी हसू नये म्हणून ते मुलांना घडवत होते. मला मात्र त्या वेळी वाटायचं, हे सगळं माझ्या मानासाठीच चाललं आहे. मी फळीवर ताठ बसायचो.

पण एका वर्षी पप्पू नावाचा मुलगा आला. मेंढपाळाचाच मुलगा, बोलताना जरा चाचरायचा. सरांनी त्याला माझं नाव म्हणायला उभं केलं. त्यानं किती वेळा म्हटलं ते मी सांगत नाही, मला त्याची लाज वाटते. शेवटी वर्ग हसायला लागला, आणि सरांनी त्याला बसवलं. त्यानंतर पप्पूनं वर्गात तोंड उघडलं नाही. हजेरीला नुसता हात वर करायचा.

पुढच्या आठवड्यात बिरोबाची जत्रा होती. सर तिथून परतले ते वेगळेच. सोमवारी त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. टेबलावर बोटांनी ठेका धरला. तो गजीच्या ढोलाचा ठेका होता. धनगरांचा गजी नाच तुम्ही पाहिला असेल, पांढरे अंगरखे घालून, हातात रुमाल घेऊन माणसं गोल फिरतात आणि ढोल पडेल तसं पाऊल टाकतात.

"पप्पू, काल जत्रंत ढोल तूच वाजवत होतास न्हवं? दोन तास मी ऐकला, एक ठेका चुकला न्हाई तुजा," सर म्हणाले. वर्गात ते कधीच घरची बोली बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "आता ह्या दगडाचं नाव वाजीव."

पप्पूनं टेबल वाजवलं. अ, पॉ, फि, लाइट. दुसऱ्या ठेक्याला जोरात, बाकीचे हलके. मग वाजवता वाजवता त्याच्या तोंडून ते बाहेर पडलं, न अडखळता. त्या दिवसापासून आमची सगळ्यांची नावं ठेक्यावर आली. मुलं व्हरांड्यात पावलं टाकत आम्हाला म्हणायची. शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या.

आता घरचं सांगतो. सरांची बायको बनुबाई. शाळेची पायरी चढलेली नाही, पण माहेरच्या दीडशे मेंढरांतली एक हरवली तर कोणती ते ती तोंडावरून सांगायची. सुट्टीत सर आम्हाला पेटीत घालून घरी आणायचे, तेव्हा तिनं आम्हालाही तोंडावळ्यावरून नावं दिली. ओकेनाइट पांढरा, लोकरीचा गुंडा असावा तसा, म्हणून तो कोकरू. स्टिल्बाइट मधे आवळलेला आणि दोन्हीकडं फुललेला, म्हणून तो पेंढी. कॅल्सेडनीला गोल गोल मणी, म्हणून ती द्राक्षी. माझं नाव मात्र तिनं सरांच्या तोंडून ऐकून उचललं होतं आणि आपल्या तोंडात बसेल तसं बसवलं होतं.

"आवं, ही आपाफुली कुटं ठिवू?"

"बनू, नाव नीट घे. अपॉफिलाइट."

"तेच म्हनलं की मी."

हे वर्षानुवर्षं चाललं. मी तिला कधी ओ दिली नाही. एक तर मला बाई केलं, वर फूल केलं. एवढ्या जुन्या खडकाला हे शोभतं का?

आणि एका खंडेनवमीला तिनं कहरच केला. त्या दिवशी घरोघरी अवजारांची पूजा होते. कुणी कोयता पुजतो, कुणी लोकर कातरायची कात्री. बनुबाईला वाटलं, आपल्या माणसाची अवजारं म्हणजे हे दगड. तिनं आम्हाला पाटावर मांडलं, तेल लावलं आणि वरून मूठभर भंडारा उधळला. बिरोबाला उधळतात तोच पिवळाजर्द भंडारा. मित्रांनो, मी पदरापदरांचा दगड आहे. माझ्या अंगाचे पापुद्रे सुटतात, माझ्या नावाचा अर्थही तोच आहे. तेलाबरोबर तो भंडारा माझ्या एका फटीत शिरला तो शिरलाच.

सर घरी आले आणि पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले. "नमुना नासवलास तू." मग ते तासभर दाताच्या ब्रशनं मला घासत बसले. बाकीचे स्वच्छ झाले, माझ्या अंगातली ती पिवळी रेघ गेली नाही. बनुबाई चुलीपाशी पाठ करून भाकरी थापत होती. मलाही वाटलं होतं, हिला शिक्षा व्हायला हवी. आज तो विचार आठवला की माझं मलाच बरं वाटत नाही.

सर निवृत्त झाले. आम्ही पेटीसकट घरी आलो. सुरुवातीला गावातली पोरं बघायला यायची, पुढं तीही थांबली. मोबाइलमध्ये म्हणे प्रत्येक दगडाचं नाव एक बाई म्हणून दाखवते. पेटीवर वर्तमानपत्रं साचली. मला फारसं काही वाटलं नाही, अंधाराची सवय होतीच. मी पुन्हा झोपू लागलो. झोपेत थेंब पडायचे, व्हरांड्यात पावलं पडायची, कधी थेंब कुठला आणि पाऊल कुठलं ते कळायचं नाही. आठवड्यातून एकदा बनुबाई झाकण उघडायची, फडकं फिरवायची आणि मेंढरं मोजावीत तशी आम्हाला हाका मारायची. कोकरू, पेंढी, द्राक्षी, आपाफुली. मी तेव्हाही ओ देत नसे.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी बाहेर कप फुटल्याचा आवाज आला. मग धावपळ, गाडी, आणि पुढं आठ दिवस घरात कुणीच नव्हतं.

नवव्या दिवशी पेटी उघडली. बनुबाई एकटीच होती. ती सरांचे कपडे न्यायला मिरजेहून आली होती. तिनं बाकीच्यांवरून फडकं फिरवलं आणि मला उचललं. "चल," ती म्हणाली, "तितं घरचं कायबी न्हाई." घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून तिनं मला पिशवीत टाकलं. एसटीत दोन तास मी तिच्या मांडीवर होतो.

मिरजेत पोचल्यावर मी सरांना पाहिलं. उजवा हात पांघरुणावर नुसता ठेवलेला होता. तोंड एका बाजूला जरा उतरलं होतं. डोळे मात्र तेच होते. त्यांना सगळं कळत होतं, शब्द तेवढे सापडत नव्हते.

रोज सकाळी संयोगिता मॅडम यायच्या. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात. तरुण मुलगी, आवाज शांत. त्या चित्रांचे पत्ते दाखवायच्या. कप, पंखा, गाय. सर पत्त्याकडं बघायचे आणि ओठ मिटून भिंतीकडं तोंड करायचे.

"काकू, ते प्रयत्नच करत नाहीत," मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मॅडम बाजूला येऊन म्हणाल्या. "आवाज आहे, समजतंही आहे. पण या दिवसांत जेवढं बोलतील तेवढं परत येईल. असेच गप्प राहिले तर मग फार अवघड होईल."

बनुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पैल्या दिशी डाक्टरनी नाव इचारलं. ह्येंच्या तोंडातनं येडंवाकडं कायतरी आलं. पलीकडच्या खाटंवरचं पावनं हसलं. तवापासनं ह्येंनी तोंड उघडलं न्हाई, बाई. जलमभर दुसऱ्याच्या चुका काडल्या त्येंनी. आता सोताची चूक कशी बाहेर पडू देतील?"

मी कट्ट्यावर होतो. मला पप्पू आठवला. मला ते सगळं ताठ बसणं आठवलं. बरोबर नावाचा जो अभिमान मी आयुष्यभर वाहिला, तोच आता माझ्या माणसाच्या तोंडावर दगड होऊन बसला होता.

मॅडमची नजर माझ्यावर गेली. त्यांनी मला उचललं, तळाला चिकटवलेली सरांच्या अक्षरातली इंग्रजी चिठ्ठी वाचली. "सर, हे काय आहे? ॲपो... ॲपोफायलाइट?"

सरांच्या कपाळावर आठी आली. डावा हात नकळत वर झाला. वर्गात व्हायचा तसाच. मग त्यांनी तो खाली घेतला आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

बनुबाईनं ते पाहिलं. ती खाटेवर त्यांच्या पायाशी बसली. भाकरीच्या डब्याचं स्टीलचं झाकण तिनं मांडीवर पालथं घेतलं. तिनं जन्मात कधी ढोल वाजवला नव्हता. पण शाळेच्या व्हरांड्यातली ती पावलं तिनं शाळेमागच्या घरातून किती वर्षं ऐकली होती. तिनं बोटांनी ठेका धरला. एक हलका, दुसरा जोरात, मग दोन हलके. पुन्हा. पुन्हा. मॅडम हातातला पत्ता खाली ठेवून उभ्या राहिल्या.

बराच वेळ काही झालं नाही. मग पांघरुणाखाली सरांच्या डाव्या पायाचा अंगठा हलला, दुसऱ्या ठेक्याला. पुढच्या फेरीला पुन्हा हलला. बनुबाईनं मॅडमच्या हातातून मला घेतलं आणि सरांच्या डाव्या तळव्यात ठेवलं. त्यांची बोटं माझ्या कडेवरून फिरली. फिरता फिरता ती भंडाऱ्याच्या रेघेपाशी थांबली. त्यांनी भिंतीकडून मान वळवली आणि त्या रेघेकडं बघत राहिले. एकदा बनुबाईकडं पाहिलं. झाकणावरचा ठेका चालूच होता.

"आ," सर म्हणाले.

ठेका थांबला नाही.

"आ... पा... फु... ली."

सरांनाही कळलं होतं की चुकलं आहे. मी त्यांच्या तळव्यात होतो, तो घट्ट मिटला. आता हे पुन्हा तोंड फिरवणार, असं मला वाटलं, आणि दगड असूनही मी घाबरलो.

बनुबाईनं पदरानं डोळे पुसले. "नाव नीट घ्या की, सर," ती म्हणाली.

आणि सर हसले. अर्ध्याच तोंडानं, वाकडं, पण हसले. मग पुन्हा म्हणाले, या वेळी झाकणाची वाट न बघता. आपाफुली. तसंच चुकीचं.

त्याला आता महिना होत आला. सर 'बनू' स्वच्छ म्हणतात. 'पाणी' कधी येतं, कधी येत नाही. कपाला 'कम' म्हणतात आणि मॅडम तोही लिहून घेतात. कॅल्सेडनी अजून दूर आहे. पण ते आता तोंड फिरवत नाहीत, चुकतात आणि पुन्हा म्हणतात.

मित्रांनो, नावं नीट घ्यायला जरूर शिका. माझं घ्या, माझ्या भावंडांची घ्या. ज्याचं नाव नीट घेतलं जातं त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, हे मी अनुभवानं सांगतो. पण कुणी चुकत चुकत बोलत असेल, तर त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. तुमच्या हसण्यानं मिटलेलं तोंड पुन्हा उघडायला काय काय लागतं, ते मी पाहिलं आहे. एक झाकण लागलं, मूठभर भंडारा लागला, आणि सगळा जन्म जिला चूक ठरवलं ती बाई लागली.

दुपारचं ऊन आता खिडकीतून माझ्या अंगात शिरतं. त्या रेघेपाशी आलं की ते पिवळं होतं आणि सरांच्या पांघरुणावर पडतं. मला गुंगी येते. थेंबांचा आवाज येतो, का झाकणाचा, नक्की कळत नाही. उद्या सकाळी मॅडम येतील, कप होईल, पंखा होईल, गाय होईल. माझी पाळी शेवटी असते. चार ठेके पडतात, सर मला त्या चुकीच्या नावानं हाक मारतात, आणि मी ओ देतो. ती अजून कुणाला ऐकू गेलेली नाही. पण मी देतो.